करंजाखाली लागलेला माणूस

कापडे, ४ सप्टेंबर १९९८

चि. श्रेयस,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचे तर घे, नाहीतर टेबलावर राहू देत. जेवायला मागणार नाहीत.

तू फोन ठेवलास. एसटीडीवाला पांडू म्हणाला, लाइन कट झाली असेल. मी म्हटलं, झाली असेल बाबा. "घंटा थांबलेली तुला ऐकू आली आणि तू मागे वळली नाहीस?" एवढं विचारून तू ठेवलास. उत्तर ऐकून घ्यायची गरज वाटली नाही, म्हणून ते लिहून पाठवते आहे.

हो, ऐकू आलं. मी पुढे होते, हातात ताम्हन, ताम्हनात गौरीचे पाच खडे, तोंडात पाण्याची गुळणी. तुझे बाबा मागून घंटा वाजवत येत होते. नदीवरून गौर घरात येईपर्यंत बोलायचं नाही आणि मागे पाहायचं नाही, हे सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. मी ते कधी मोडलं नाही. नदीवरच्या साकवावर घंटा थांबली. मला आधी वाटलं, निसरडं आहे, दोन्ही हातांनी दोर धरला असेल. मग वाटलं, मुद्दाम थांबलेत, ही वळते का बघतायत. त्यांचा स्वभाव तुला मी सांगायला नको. शेजारच्या बनुबाईने उंबऱ्यात माझ्या पायांवर पाणी घातलं, गौर बसवली, गुळणी टाकली आणि मग वळले. मागे नुसती पायवाट होती.

तू म्हणशील दगडांसाठी नवरा घालवला. म्हण. गावातही दोन-चार जणी म्हणतात, फक्त त्या तोंडावर म्हणत नाहीत. तुझ्यात तेवढी हिंमत आहे, ती माझ्याकडूनच आली.

आता कामाचं. सगळा काठ शोधून झाला, महाडहून पोहणारे आले, गळ टाकले. काही नाही. गुरुजी म्हणतात, देह मिळत नसेल तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, नारळाचं डोकं लावायचं आणि त्याला अग्नी द्यायचा. तसं शास्त्र आहे म्हणे. असेल. पण मी अडतीस वर्षं पानांबरोबर संसार केला नाही. मला माणूस हवा आहे, श्रेयस. त्यांना आग मिळाल्याशिवाय मी या घरात धड बसूही शकत नाही आणि उठूही शकत नाही.

वाहत्या पाण्यात पडलेला कण कुठे जातो, हे तू तिकडे बंगळूरला बसून शिकतोस. बाबा म्हणायचे, आमचे चिरंजीव सरकारी पैशावर धुळीच्या मागे धावतात. मग आता धाव. साकवाखाली गरगऱ्या डोह आहे, तुला लहानपणी तिथे जाऊ देत नव्हतो तोच. वरून पाणी डावीकडच्या कातळावर आपटतं, गोल फिरतं आणि उजवीकडून निघून जातं. पावलांनी मोजून नकाशा काढला आहे, सोबत जोडते. कुठे शोधू ते सांग.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. गणित लिहून पाठव.

आई


कापडे, १३ सप्टेंबर १९९८

चि. श्रेयस,

पाकीट मिळालं. चार पानं आकडे आणि वर "प्रिय आई" नाही. ठीक आहे. मास्तरीण होते मी, नाव न घातलेले पेपरही तपासलेत.

समजलं ते माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर सांग. पाणी वळतं तेव्हा पाण्याहून जड वस्तूला तेवढ्या चटकन वळता येत नाही. ती आपल्याच वेगात सरळ जाऊ बघते आणि भोवऱ्यातून बाहेर फेकली जाते. हलकी वस्तू उलट मधे ओढली जाते आणि तिथेच फिरत बसते. दोन वस्तू शेजारी शेजारी सोडल्या तरी बोटभर फरकाने त्यांच्या वाटा अशा फुटतात की कोणती कधी कुठे असेल हे कोणीच सांगू शकत नाही. हे मला पटलं, आपल्या घरातही तेच झालंय. पण पुढे तू लिहितोस की वाटा कितीही फुटोत, जड वस्तू अखेर ठरावीक जागीच गोळा होतात. वेळ सांगता येत नाही, जागा सांगता येते. हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

तू सांगितलंस तसं केलं. बनुबाई बरोबर होती. तिचं भाताचं वावर डोहाला लागूनच आहे आणि तिला पाण्याची भीती नाही. सुके नारळ टाकले, ते मधे जाऊन फिरायला लागले आणि आज तिसरा दिवस, तरी फिरतायत. मग पोती केली. पेंढा आणि गोटे घालून, पाण्यात जेमतेम बुडतील अशी. ओळखू यावीत म्हणून बनुबाईने त्यांना बाबांचे जुने सदरे घातले. मी म्हटलं, दुसरं काही घाल. तर म्हणते, "बाई, पान्याला कलाया नको का, कुनाला हुडकायचा हाय ता?"

एक साकवावरून सोडलं, एक कातळाकडून, एक वरच्या उतारावरून. थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग निळ्या सदऱ्याची बाही पाण्याबाहेर आली, हात वर केल्यासारखी, आणि परत आत गेली. असं ती फेरी घेत राहिली. दर फेरीला थोडी बाहेरच्या अंगाने. बनुबाई वावरात निघून गेली. मी तिथेच बसून फेऱ्या मोजत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही पोती उजव्या काठाला, वाकड्या करंजाखालच्या वाळूपट्टीवर लागलेली होती. अंगाला अंग लावून, उताणी. तू नकाशावर फुली मारली आहेस तिथेच.

तिथे आणखी काय काय होतं ते लिहिते. कुणाचं तरी करडू, कोंबड्या झाकायचं एक डालगं, एका लहान मुलाची चप्पल, आणि आमच्या गौरीचे पाच खडे. चेष्टा करत नाही. त्यातल्या एकाला पांढरा पट्टा आहे म्हणून ओळखला. या वर्षी मी ते विसर्जनाला साकवाशी सोडले होते. आणि दर वर्षी आम्ही खडे उचलतो ते याच वाळूपट्टीवरून, कारण इथले गुळगुळीत असतात. म्हणजे इतकी वर्षं मी नवी गौर म्हणून त्याच पाच जणींना घरी आणत होते. बनुबाईला सांगितलं तर ती म्हणाली, मग त्यांना घर माहीत झालं असेल. मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

तू लिहितोस की माणूस आधी जड असतो, मग हलका होतो, मग परत जड. म्हणून त्याला पोत्यांपेक्षा वेळ लागेल, पण लागेल तिथेच. मी रोज सकाळी जाऊन बघते आहे. अजून नाही.

तू एकदा येऊन डोह बघशील तर बरं. माझ्यासाठी नको, तुझ्या आकड्यांसाठी ये.

आई


कापडे, २२ सप्टेंबर १९९८

चि. श्रेयस,

तू आलास, अग्नी दिलास, गेलास. लोक चांगलं म्हणाले. मी सुतकात आहे, पण पत्राला सुतक नसतं असं मीच ठरवलं आहे.

तू आलास त्या संध्याकाळी आपण काय बोललो? मी विचारलं पिठलं चालेल का, तू म्हणालास चालेल. मग सकाळी बनुबाई ओरडत आली. तू माझ्या पुढे धावलास. मी पोचले तेव्हा तू करंजाच्या मुळ्यांवर उभा होतास. नाकाला रुमाल होता, पण डोळे मला दिसले. तुझे डोळे आनंदी होते, श्रेयस. रागावू नकोस. दहावीचा निकाल लागला तेव्हा होते तसेच. तू म्हणालास, "आई, बघ. बरोबर इथेच आले."

फोन ठेवलास त्यानंतर पहिल्यांदाच तू मला आई म्हणालास. तुझ्या ते लक्षातही नसेल.

चेहरा राहिला नव्हता, कपडे राहिले नव्हते. हवालदाराने मला विचारलं, हेच का? मी खाली बसून पायांपाशी पाहिलं आणि म्हटलं, हो, हेच. तू जवळ येत होतास. मीच सांगितलं, नको येऊस, लांबूनच नमस्कार कर. पाणी मी घातलं, पाय मी पुसले. तू त्यांना लांबूनच ओळखलंस हे बरं झालं.

मंगळसूत्र अजून काढलेलं नाही. गुरुजी काही बोलले नाहीत, बायकांमध्ये मात्र बोलणं झालं असणार. काढीन. घाई कसली आहे.

करंजाखाली अजून जाते. बनुबाई विचारते, आता काय बघायला जाता? तिला म्हटलं, सवय लागली. काल तिथे काही नव्हतं. परवाही नव्हतं.

तू दर रविवारी पांडूच्या बूथवर फोन करीन म्हणालास. मी दहालाच जाऊन बसते. उशीर झाला तरी चालेल.

तुझी आई


कापडे, २४ ऑक्टोबर १९९८

चि. श्रेयस,

रविवारी फोनवर मी नीट बोलले नाही असं तुला वाटलं. पांडू समोर बसलेला असतो, कान टवकारून. काय बोलायचं?

दिवाळीत कुडपणहून एक बाई खाली आली. तुळसा तिचं नाव, माझ्याहून लहान असेल, पण डोंगर चढून-उतरून सुकलेली. तिचा नवरा हैबती ऑगस्टच्या अखेरीला ओढ्याच्या पुरात गेला, म्हशीला पलीकडे नेताना. म्हैस आली, तो आला नाही. तो ओढा आपल्याच नदीला मिळतो. वरच्या अंगाला सगळं शोधून झाल्यावर तिला कोणीतरी सांगितलं की कापड्याला एक माणूस लागला होता.

तिला ओटीवर बसवलं, चहा दिला. तिने घेतला नाही, थंड होऊ दिला. तिने विचारलं, तुमच्या मालकांचे दात कसे होते? मी सांगितलं, पाण्यात राहिलेला माणूस कुणासारखाच दिसत नाही. उंची? मी म्हटलं, सगळे सारखेच लांब वाटतात. तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं. मंगळसूत्र अजून तिथेच आहे.

ती चिडली नाही. चिडली असती तर मला बोलता आलं असतं. म्हणाली, "नाय तर नाय. माजा बी हितंच लागंल. मी वाट बगतंय." बनुबाईच्या पडवीत राहते आहे. सकाळी मी करंजाखाली जाते तर ती आधीच येऊन बसलेली असते. मी तिच्या शेजारी बसते. परतीचा पाऊस मोठा झाला, नारळ अखेर कुठेतरी वाहून गेले, डोह मात्र तसाच गरगरतो आहे. काल पाण्याकडे बघता बघता ती एकदम म्हणाली, "बाई, आत कोन तरी हाय." मी म्हटलं, ओंडका असेल. पण मलाही तसंच वाटलं होतं, चार-पाच दिवसांपासून. काही दिसत नाही. फेरी घेणारं काहीतरी एका जागी आलं की पाण्याचा आवाज किंचित बदलतो.

एक विचारते, गणिताचं म्हणून उत्तर दे. एकाच डोहात दोन माणसं एकदम फिरत असतील, एक साकवावरून पडलेला आणि एक वरून वाहत आलेला, तर त्यातला कोण आधी बाहेर पडेल हे तुझे आकडे सांगतात का?

का विचारते ते विचारू नकोस.

आई


कापडे, ८ नोव्हेंबर १९९८

चि. श्रेयस,

तुझं उत्तर आलं. जागा सांगता येते, क्रम सांगता येत नाही. मला वाटलंच होतं.

आता हे पत्र शांतपणे वाच आणि फाडायचं असेल तर पूर्ण वाचून फाड.

सप्टेंबरमध्ये तू ज्याला अग्नी दिलास ते तुझे बाबा नव्हते. बाबांच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. लहानपणी विळ्याने गेलेली. त्या पायांना दहा बोटं होती. मी ती मोजली, परत मोजली, आणि हवालदाराला हो म्हटलं.

का म्हटलं ते तुला कळायला हवं. तू करंजाच्या मुळीवर उभा राहून मला आई म्हणाला होतास. तुझं गणित बरोबर आलं होतं आणि त्या भरात तू मला माफ केलं होतंस. मी जर म्हटलं असतं की हे ते नव्हेत, तर तू परत तोच फोन ठेवणारा झाला असतास. नवरा गेलाच होता. मुलगा कसा घालवू? तू जागा सांगितलीस, ती चुकली नाही. माणूस कोणता ते तू सांगितलंच नव्हतंस, ते मी सांगितलं.

परवा सकाळी दुसरा लागला. तिथेच, उताणा. इतके दिवस खाली कुठल्या तरी कपारीत अडकलेला असणार, अंग मेणासारखं पांढरं झालं होतं आणि तोंड ओळखण्यासारखं नव्हतं. मी पोचले तेव्हा तुळसा पायांशी बसली होती. डाव्या पायाला करंगळी नव्हती. मी उभीच राहिले. अडतीस वर्षांचा संसार समोर पडलेला आणि मला हंबरडा फोडायची सोय नाही, कारण माझा माणूस गावासमक्ष जळून गेलेला होता.

हवालदार आला. बोट नाही हे त्यानेही पाहिलं आणि म्हणाला, माशांनी खाल्लं असेल. तुळसा त्या बोटाच्या जागेकडे बघत राहिली. तिच्या हैबतीची बोटं तिला माहीत असणारच. मला वाटलं, आता ती उठेल आणि सांगेल, हा माझा नाही, माझा या बाईने नेला. तिने तसं सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. सगळं खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण मग तिच्या हाती काय लागणार होतं? तिचा माणूस राख होऊन गेलेला. तिला नुसती पानं जाळावी लागली असती. हे तिने माझ्या आधी ओळखलं.

माझ्याकडे न बघता, हवालदाराला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिने विचारलं, "बाई, माज्याला आगीच्या आदी आंगूळ घातलेली का?"

मी म्हटलं, "घातली. मी स्वतः घातली. पाय पुसले."

"कोन रडला का?"

"मी रडले."

ते खरं होतं. कुणासाठी रडले ते तिने विचारलं नाही. ती उठली आणि हवालदाराला मोठ्याने म्हणाली, "ह्योच माजा."

म्हणजे तू हैबतीला अग्नी दिलास आणि तुझ्या बाबांना हैबतीच्या मुलाने, गणूने, दिला. वीस वर्षांचा पोर आहे, त्याला काही माहीत नाही, बापासाठी रडावं तसा पोटातून रडला. तुझ्या बाबांसाठी तेवढं कोणी रडलं हे मला सोसलं, यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. तू हे कोणाला सांगितलंस तर दोन घरांचे बाप परत बेवारशी होतील. सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्याशी बोलायचं की नाही तेही तूच ठरव. यापुढे मी रविवारी पांडूकडे जाऊन बसणार नाही. तुला वाटलं तर पत्र टाक. मंगळसूत्र काल काढलं.

एवढंच राहिलं. सरण रचत होते तेव्हा तुळसा कळशी घेऊन नदीवर निघाली, त्यांना घालायला पाणी आणायला. मला राहवलं नाही. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "ह्यांना गार पाणी सोसत नाही गं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कळशी तिथेच ठेवली. आम्ही दोघी घरी आलो, बंब पेटवला आणि पाणी कढेपर्यंत शेजारी शेजारी बसून राहिलो.

आई